हात लागलेली सुई

पैठणकर डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, हे औरंगपुऱ्यात कुणी कुणाला सांगत बसत नसे. कोणत्या दुकानातला चिवडा खवट निघत नाही हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसंच हेही ठाऊक होतं. ताप आला की माणसं रस्त्यावरचे नवे, चकचकीत काचांचे दवाखाने ओलांडून, रिक्षा आणि मोटारसायकलींच्या गर्दीतून अंग चोरत, साड्यांच्या दुकानाशेजारचा तो अरुंद जिना चढत आणि वरच्या लाकडी बाकावर येऊन टेकत. तिथं टेकलं की निम्मा ताप उतरतो, असंही म्हणणारे होते. खालचे शिंपी मुनीरमियाँ तर मशीन थांबवून सांगत, "बाई, डाक्टरसाब के हात में शफा है. गोली तो बहाना है."

बाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, भानुमतीबाई. लग्न होऊन आल्या तेव्हा दवाखान्यात एक कंपाउंडर होता. तो नाशिकला गेला आणि 'चार दिवस जरा बसशील का?' असं नवऱ्यानं विचारलं. ते चार दिवस अजून संपले नव्हते. काचेच्या सिरिंजा पाण्यात उकळणं, गुलाबी मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवणं, रडणाऱ्या पोराचा हात धरणं, हे सगळं त्यांनी केलं. मग काचेच्या सिरिंजा गेल्या, मिक्श्चर गेलं, बाटल्या गेल्या. शेजारपाजारचे सहा-सात फॅमिली डॉक्टर होते, तेही एकेक करून गेले. कुणी वर, कुणी मुलांकडे अमेरिकेला. त्यांची पोरं मोठी डॉक्टर झाली, पण ती एकेका अवयवाची. ताप, खोकला, पोटदुखी आणि सुनेशी भांडण झाल्यामुळे वाढलेला रक्तदाब बघणारं कुणी उरलं नाही. उरले ते मधुसूदन पैठणकर. आणि त्यांचा हात.

त्या हाताची ख्याती कुठून सुरू झाली, ते भानुमतीबाईंना नीट आठवत होतं. बिडकीनच्या मनकर्णाबाई आणि पुंजाराम आपलं तान्हं पोर घेऊन एसटीनं आले होते. हगवण-ओकारीनं पोराचे डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. त्याची शीर सापडेना. डॉक्टर तेव्हा तिशीतले. त्यांनी गुडघ्यावर बसून, श्वास रोखून, त्या काडीसारख्या हातात सुई घातली आणि सलाईन चालू केलं. दिवेलागणीला पोर रडलं. पुंजारामांनी डोक्यावरचं मुंडासं काढून डॉक्टरांच्या पायाशी ठेवलं.

"अहो, सलाईननं वाचलं पोरगं," डॉक्टर संकोचून म्हणाले.

"सलाईन काय, बाजारात मिळतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हात बाजारात मिळत नाय."

घरी येताना डॉक्टर हसत होते. "वेडी माणसं, भानू! हात म्हणे." पण त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली, ते तिनं पाहिलं होतं.

तो हात आता तिला नको झाला होता.

डॉक्टरांच्या हृदयाची एक झडप आकसली होती. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबत आणि भिंतीवरची जाहिरात वाचत असल्याचं सोंग करत. ती एकच जाहिरात ते सहा महिने वाचत होते. झडप बदलायलाच हवी, उशीर केला तर काही सांगता येणार नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं. ऑपरेशनची तारीख एकदा ठरली, तेव्हा साथ होती. दुसऱ्यांदा ठरली, तेव्हा दिवाळी होती. मग थंडी पडली आणि फ्लूच्या लशीचा मोसम आला. डॉक्टर म्हणाले, "एवढे म्हातारे-कोतारे टोचून झाले की निघतो. लस दरसाल नव्यानं घ्यावी लागते, तो विषाणू दरसाल कपडे बदलून येतो. यांना कोण समजावणार?"

आता तिसरी तारीख मिळाली होती, संक्रांतीच्या आधीची. सर्जन भानुमतीबाईंना बाजूला घेऊन म्हणाले होते, "काकू, त्यांना आत्ताच फ्लूची लस द्या आणि आजपासून खोकणाऱ्या माणसांपासून लांब ठेवा. या वेळी ताप घेऊन आले, तर मला टेबलवर घेता येणार नाही. आणि आणखी थांबायला त्यांच्याकडे वेळ नाही."

खोकणाऱ्या माणसांपासून लांब! डिसेंबरात, पैठणकरांच्या दवाखान्यात! मासोळीला पाण्यापासून लांब ठेवा म्हटल्यासारखं होतं ते. भानुमतीबाई हसल्या नाहीत. मुलगा मिहिर बंगळुरूहून रोज फोन करत होता, "आई, कुलूप लाव तू सरळ." कुलूप लावायला हात शिवशिवत होते, पण कुलूप लावलं तर बाकावरची माणसं जिन्यात बसतील, जिन्यातून उठवलं तर घरी येतील, हे तिला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांनीच आजारपण कुणाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलेली. "त्यांना कळलं तर ती घाबरतील, भानू."

शहरात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना होती. एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्या वयस्कर डॉक्टरांना हिवाळ्यात मदतीला तरुण डॉक्टर द्यायचे, असं त्यांनी या वर्षी ठरवलं. भानुमतीबाईंनी नवऱ्याला न विचारता फोन केला आणि दुसऱ्या दिवशी डॉ. तनुजा निकम जिना चढून आली.

पोरगी देवगाव रंगारीची, शेतकऱ्याच्या घरातली, घाटीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलेली. उंच, सावळी, केसांचा घट्ट बुचडा बांधलेली. बोलणं शहरी, पण घाई झाली की गावाकडचं 'इथं-तिथं' बाहेर पडे. डॉक्टरांनी तिला दहा प्रश्न विचारले, तिनं दहाही उत्तरं बरोबर दिली. डॉक्टरांचा चेहरा किंचित पडला. पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

बाहेरच्या खोलीत तिचं टेबल मांडलं. भानुमतीबाई बाकावरच्या लोकांना म्हणाल्या, "या, नव्या डॉक्टरीणबाई आहेत, चटकन होईल."

लोक तनुजाकडे बघून मान हलवत. "व्हय व्हय. पण आम्हाला घाई नाय. डाक्टर मोकळे झाले की जाऊ आत."

सकाळ गेली, संध्याकाळ गेली. तनुजा रिकाम्या टेबलाशी बसून स्वतःच्याच पेनाचं झाकण काढत-लावत होती. आत डॉक्टर एकामागून एक माणसं तपासत होते आणि प्रत्येक माणूस त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून खोकत होता.

तिसऱ्या दिवशी बिडकीनहून मनकर्णाबाई आल्या. आता पुंजाराम थकले होते, घरीच असत; मनकर्णाबाई मात्र पंच्याहत्तरीतही खणखणीत होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर नातवाचा निळा स्वेटर. दमा आणि साखर असल्यानं त्या दरसाल लस घेत.

"बसा मनकर्णाबाई, या डॉक्टरीणबाई देतील सुई," भानुमतीबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी तनुजाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

"देवगाव रंगारीच्या निकमांची."

"चांगलं हाय गाव. लई मोठं. पण सुई मी डाक्टरच्याच हातची घेईन, माय. राग नको येऊ देऊ."

"आजी, लस तीच आहे. डबा पण तोच," तनुजा हसून म्हणाली.

"पीठ बी तेच असतं. माझ्या सुनेची भाकर फुगत नाय, माझी फुगती. कामून?"

बाकावरची माणसं खो-खो हसली. आणि त्या हसण्यात भानुमतीबाईंना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी फ्रिजमधून एक डबी काढली, त्यातली भरलेली सिरिंज घेतली, पडदा सारून आत गेल्या. डॉक्टर कुणाची तरी छाती तपासत होते. "अहो, जरा धरा हे." डॉक्टरांनी सवयीनं हात पुढे केला. क्षणभर सिरिंज त्यांच्या तळव्यात राहिली; भानुमतीबाईंनी ती उचलली आणि बाहेर आल्या.

"घ्या मनकर्णाबाई. त्यांचा हात लागलाय सुईला."

मनकर्णाबाईंनी सिरिंजकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि स्वेटरची बाही वर केली. "मंग ठीक हाय. टोच, पोरी."

तनुजानं टोचलं. बाकावर हालचाल झाली. ज्यांना लस घ्यायची होती, ते एकेक करून उठले. "बाई, आमची पन हात लावून आना." त्या दिवशी प्रथमच तनुजाचं टेबल चाललं. भानुमतीबाई आत-बाहेर करत होत्या आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होत्या. लोकांनी पोरीच्या हातची सुई घेतली ना? मग आज सुई, उद्या गोळी, परवा तपासणी. हळूहळू आतली खुर्ची रिकामी होईल. इतकं सोपं होतं तर!

आपण चुलीतला विस्तव पदरानं झाकायला निघालो होतो, हे त्यांना आठवड्याभरात कळलं.

बातमी पसरायला औरंगपुऱ्यात वर्तमानपत्र लागत नाही. पैठणकर डॉक्टर आता फक्त हात लावतात, असं झालं. जे इतर वर्षी लशीकडे फिरकत नसत, तेही आले. "हात लागलेली सुई पायजे," असं सरळ मागू लागले, जसं काही त्या कंपनीचं नावच तसं होतं. पूर्वी डॉक्टर दुपारी घरी जाऊन पडत. आता जाता येईना, कारण दुपारी कुणी आलं तर हात कुठून आणायचा? लस टोचून झाली की माणसं पडद्याआड डोकावत, "एकदा डोक्यावर ठेवा डाक्टर, लांबून आलोय." डॉक्टर ठेवत. एकदा तर मुनीरमियाँ आपल्या नातीला घेऊन वर आले, "सुई नक्को बाई, उनों डरती. सिर्फ हात लगवा लेता हूँ."

आणि खोकला! सगळ्या शहराचा खोकला त्या दहा बाय दहाच्या आतल्या खोलीत येऊन बसला होता. भानुमतीबाईंनी खिडकी उघडी ठेवली, नवऱ्याच्या तोंडाला मास्क बांधला. डॉक्टर तो हनुवटीवर ओढत, कारण त्यांचा आवाज ऐकू आला नाही तर म्हाताऱ्या माणसांना बरं वाटत नसे.

एका संध्याकाळी तनुजानं हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"काकू, ही लस आहे का अंगारा?"

भानुमतीबाई ट्रेवरचं फडकं सारखं करत राहिल्या.

"मी इथं सरांना मोकळं करायला आले ना? सरांना तर आता हलता पण येत नाही. आधी नुसते पेशंट होते, आता दर्शन पण सुरू झालं. तुम्ही सुरू केलं, काकू."

"माझं चुकलं गं."

"मग थांबवा ना!"

थांबवायचं कसं? 'हात लागला नाही' असं म्हटलं, की लोक उठून जाणार. हात न लावताच 'लागला' म्हणावं, तर दवाखान्यात खोटं बोलायचं. ते त्यांच्यानं इतक्या वर्षांत झालं नव्हतं, आणि बाकावरची माणसं आता पडदा बाजूला करून स्वतःच्या डोळ्यांनी बघत. डॉक्टरांना सांगावं, तर ते म्हणत, "एवढे चार दिवस, भानू." त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, पायांवर सूज दिसत होती, पण चेहरा कसा खुलला होता! थकलेल्या, विझत आलेल्या माणसाला कुणी पुन्हा तिशीत नेऊन बसवावं, तसा. "बघितलंस, वैजापूरहून माणूस आला आज. एवढ्या लांबून!"

ती रात्रंदिवस तारीख मोजत होती आणि तो माणसं मोजत होता.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि तिनं ती एका सकाळी, तनुजा यायच्या आधी काढली.

"तुमची लस?"

डॉक्टर दरसाल मोसमाच्या पहिल्या दिवशी स्वतःच स्वतःच्या मांडीत सुई टोचून घेत आणि मग तिला दंडात देत. या वर्षी तिला दिली होती. देताना त्यांचा हात थरथरला होता, सुई वाकडी गेली होती. तिचा दंड अजून हिरवा-निळा होता. तिनं पूर्ण बाहीचे ब्लाउज घातले आणि कुणाला कळू दिलं नाही. खरं सांगायचं तर तो डाग दाबला की दुखे आणि ते दुखणं तिला बरंही वाटे. त्यांच्या हातचं होतं.

"घेईन," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे घेतली नाही."

"प्रयत्न केला. हात हलला. सुई खाली पडली."

"मग तनुजाकडून घ्या. आत्ता येईल ती. सर्जननं किती बजावून सांगितलंय!"

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. टेबलावरचा स्टेथोस्कोप उगाच डावीकडून उजवीकडे ठेवला. "बघू. ती जरा नवीन आहे अजून."

"नवीन आहे? एवढ्या लोकांना टोचते ती."

"तिची सुई दुखते."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आयुष्यभर या माणसानं पोरांच्या गळ्यातले ताईत आणि दंडावरचे काळे दोरे बघून आयांना दटावलं होतं. आणि आज तोच माणूस, पांढऱ्या केसांचा, एमबीबीएसची फ्रेम डोक्यामागं टांगलेला, तोंड चुकवून बसला होता. भानुमतीबाईंना हसावं की रडावं ते कळेना. लोकांना पटवायला निघालो होतो आपण! पहिला भक्त तर इथं, देव्हाऱ्यातच बसला होता. आणि दुसरी, तो निळा डाग दाबत, दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक भरलेला होता, जिन्यातही माणसं होती. मनकर्णाबाई पुन्हा आल्या होत्या, या खेपेला आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन. आतून डॉक्टरांच्या खोकल्याचा आवाज आला. एकदाच, कोरडा.

"बाई, हिची सुई न्या की आत, हात लावून आना," मनकर्णाबाई म्हणाल्या.

भानुमतीबाई पडद्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "आजपासून हात लागणार नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे नाही लागणार. लस डॉक्टरीणबाई देतील. घ्यायची त्यांनी घ्या."

मग एक माणूस उठला, त्यानं मफलर गुंडाळला. दुसरा उठला. मनकर्णाबाईंनी बहिणीचा हात धरला. "चल गं. उद्या येऊ. बाईचं आज डोकं दुखतंय."

"उद्याही तेच!" भानुमतीबाईंचा आवाज चढला. एवढ्या मोठ्यानं त्या दवाखान्यात कधी बोलल्या नव्हत्या. तनुजा टेबलामागून उठून उभी राहिली.

पडदा हलला आणि डॉक्टर बाहेर आले. "थांबा, थांबा, कुणी जाऊ नका. आहे मी. काय झालं? आण ती सुई इकडे..." एवढं बोलून त्यांना दम लागला. त्यांनी चौकट धरली. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"बघितलंत?" भानुमतीबाई लोकांकडे वळल्या. शपथ मोडत होती, ती मोडू दिली. "यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. दोनदा पुढं ढकललंय. तुमच्यातल्या एकाचा ताप यांना लागला, तर या वेळीही होणार नाही, आणि मग पुढची वेळ यायची नाही. यांना ही सुई सगळ्यात आधी पाहिजे. आणि यांनी अजून घेतलेली नाही. विचारा, का नाही घेतली!"

"भानू," डॉक्टर म्हणाले.

"विचारा ना!"

मनकर्णाबाई पुढं आल्या. डॉक्टरांच्या तोंडाकडे खालून वर बघत म्हणाल्या, "खरं हाय का हो डाक्टर? आम्हाला दरसाल वरडून वरडून देता, आन सोता नाय घेतली? कामून?"

डॉक्टरांनी चौकटीवरचा हात खाली घेतला. तो हलत होता. एरवी ते तो लपवायचे, खिशात घालायचे, टेबलाखाली धरायचे. आता तसं काही करायला जागाच नव्हती. सगळ्यांनी पाहिला. मुंग्या चढाव्यात तशी बारीक थरथर, बोटांपासून मनगटापर्यंत.

"मला माझी घेता येत नाही आता," डॉक्टर म्हणाले.

"मग ही पोरगी हाय की."

डॉक्टरांनी तनुजाकडे बघायचं टाळलं. मनकर्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी उमटलं, आणि त्या हळूच म्हणाल्या, "अगं बया. तुमी बी का?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

डॉक्टर तिथंच, चौकटीपाशी, बराच वेळ उभे होते असं भानुमतीबाईंना वाटलं. खरं तर एखादा श्वास असेल. मग ते चालत आले आणि पेशंटच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर त्यांना बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. फार लहान दिसले ते. स्वेटर काढायला गेले, बाही अडकली. भानुमतीबाई पुढं झाल्या, बाही सोडवली, शर्टाची बाही दंडावर सरकवली. पांढरा, सैल पडलेला दंड.

"दे, तनुजा," डॉक्टर म्हणाले आणि डोळे मिटले.

तनुजानं कापूस फिरवला. सिरिंज उजेडात धरली. तिचे हात स्थिर होते. बाकावरची माणसं पुढं झुकली. जिन्यातली वर आली.

झालं. तिनं सुई काढून कापूस दाबून धरला.

"दुखलं का, डाक्टर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी डोळे उघडले. "नाही," ते म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."

ते ज्या आवाजात बोलले, तो भानुमतीबाईंनी इतक्या वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. समजूत न काढताच एखाद्या लहान मुलाला कुणी सोडून जावं, तेव्हा त्या मुलाचा असतो, तसा.

मग काय! "डाक्टरांनी घेतली तिच्या हातची," हे वाक्य जिन्यानं खाली गेलं आणि माणसं घेऊन वर आलं. मनकर्णाबाईंनी बहिणीला टेबलापुढं ढकललं. "टोच हिला. आन हात लावायची गरज नाय आता, कळ्ळं का?" मफलर गुंडाळलेले मफलर सोडून बसले. तनुजाला मान वर करायला फुरसत मिळेना. डॉक्टरांनी टोपी घातली, मफलर घेतला, मास्क नीट नाकावर चढवला. एरवी ते निघाले की सगळा बाक उभा राही. आज दोघे-तिघे उठले, "सांभाळून जा डाक्टर, लवकर बरे होऊन या," म्हणाले आणि आपला नंबर जाऊ नये म्हणून पुन्हा बसले. खालून मुनीरमियाँ वर आले, त्यांनी डॉक्टरांचा दंड धरला आणि एकेक पायरी उतरवलं. मधल्या पायरीवर डॉक्टर थांबले, जाहिरातीकडे बघितलं नाही, नुसते थांबले.

रिक्षा उभी होती. त्यांना आत बसवून भानुमतीबाई घराच्या किल्ल्या घ्यायला परत वर आल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत मात्र नव्हतं.

वर, तनुजाच्या टेबलाला माणसांचा वेढा पडला होता. मनकर्णाबाई अजून गेल्या नव्हत्या. त्या तनुजाच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होत्या, "आता तूच गं माय. पुढल्या साली बी तूच. मी दुसऱ्या कुणाच्या हातची घेणार नाय, सांगून ठेवते."

"आजी, मला पुढं शिकायचंय अजून. परीक्षा आहे," तनुजा म्हणाली.

"शिक की. इथं बसून शिक. हात बाजारात मिळत नाय."

तनुजा हसली. नको नको म्हणत असताना माणूस हसतो, तसं. गालांवर लाली चढली होती, बुचडा सुटून केस मानेवर आले होते, आणि काही दिवसांपूर्वी पेनाचं झाकण काढत-लावत बसलेली पोरगी ती हीच का, असं वाटावं इतकी ती सुंदर दिसत होती. फोन वाजला. तिनं तो कानाशी खांद्यानं दाबून धरला, हातानं पुढच्या माणसाची बाही वर केली. "नाही गं आई, या रविवारी नाही येता येणार. अगं, लोक थांबलेत इथं. नाही, दुसरं कुणी चालत नाही त्यांना." शेवटचं वाक्य ती जरा मोठ्यानं बोलली.

भानुमतीबाईंनी किल्ल्या उचलल्या. खालून रिक्षावाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"तनुजा."

"हं काकू?"

"रविवारी दवाखाना बंद असतो."

तो गेल्या कित्येक वर्षांत एकाही रविवारी बंद नव्हता. बाकावरची माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. कुणी परकी बाई आत येऊन काहीबाही बोलली, अशा नजरेनं.

"बंद असतो," भानुमतीबाई पुन्हा म्हणाल्या. "कुलूप लावायचं. जिन्यात बसले तरी."

"हो काकू, हो," तनुजा म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. ट्रेमधली नवी सिरिंज उचलली, टोपण काढलं. "चला, पुढचे कोण?"

तिघे एकदम उठले.